होडलीचं लाकडी मशीनचं उभं घड्याळ: दाते झकास, वजनं चुकीची

अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या प्लिमथच्या सायलस होडलीचं हे माणसाहून उंच घड्याळ, दुरुस्त करून विकायला ठेवलेलं. घड्याळजी एली टेरीनं 1807 ते 1810 या काळात 4000 लाकडी मशिनं, म्हणजे घड्याळाची आतली यंत्रं, करून दिली, त्याच जातीचं. चाल 30 तासांची, म्हणून रोज दार उघडून दोऱ्या ओढायच्या आणि वजनं वर घ्यायची. तबकडीवरची किल्लीची दोन भोकं नुसती रंगवलेली आहेत. आठ दिवसांच्या महागड्या पितळी घड्याळाचा भास व्हावा म्हणून. दुरुस्ती करणाऱ्यानं ती पुसली नाहीत, याचा फार आनंद झाला.

खरं कौतुक दात्यांचं. चेरीच्या लाकडाची चाकं सपाट फळीतून कापलेली असल्यामुळे समोरासमोरच्या दोन भागांत लाकडाचे रेषे दात्याला आडवे जातात आणि दाते नेमके तिथेच मोडतात. इथे असे तीन मोडले होते. नुसता तुकडा चिकटवला असता तर महिनाभरात उडाला असता. त्याऐवजी चाकाच्या कडेत आत रुंद होणारी खाच घेऊन जुन्या चेरीचा तुकडा बसवलाय, रेषे दात्याच्या लांबीत ठेवून, आणि मग कानशीनं आकार दिलाय. भिंगातून पाहिलं तरच सांधा दिसतो. सरस जनावराचा वापरलाय, म्हणजे पुढे कधी ऊब आणि ओल देऊन सोडवता येईल. लाकडावर तेलाचा थेंबही नाही, हेही योग्यच. तेल मुरलं की लाकूड फुगतं, धूळ धरतं.

वजनं मात्र चुकली. पितळी मशीनची, सुमारे 6 किलोची एकेक लटकवली आहेत. लाकडी मशीनला दीड किलोच्या आसपास पुरतं. जास्त भारानं घड्याळ जोरात चालतं खरं, पण तेच तीन दाते पुन्हा जातील. विकत घेण्याआधी ती बदलून मागाच.

पाइनच्या पेटीवर महोगनीसारखे रेषे रंगवलेत. ते खरवडून चपडी लाखेचं पॉलिश मारलं नाही, शाबास!

घरी आणल्यावर पेटी मागून भिंतीला स्क्रूनं पक्की करा. लंबक जवळजवळ मीटरभर लांब आहे. वजनं उतरत त्याच्या गोळ्याच्या पातळीला आली की सैल पेटीत तीही डोलायला लागतात, लंबकाचा जोर खातात आणि घड्याळ थांबतं. टोले चुकले तर काटे उलटे फिरवू नका; टोल्याची तार उचलून तास जुळेपर्यंत वाजवत न्या.