लेसर घेऊन जावा, की स्वतःचा फ्रिक्वेन्सी कोंब बसवावा?

आयोडिनवर स्थिर केलेला ६३३ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर अनेक राष्ट्रीय मापन प्रयोगशाळांमध्ये मीटरचा प्रत्यक्ष आधार असतो. १९८३ मध्ये प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद असा कायमचा ठरवला गेल्यापासून वारंवारता कळली की निर्वातातील तरंगलांबीही कळते. त्यामुळे तुलना करायची ती वारंवारतेची. प्रश्न एवढाच, की त्यासाठी लेसर दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यावा, की स्वतःचा फ्रिक्वेन्सी कोंब, म्हणजे फणीच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या असंख्य वारंवारता देणारा लेसर, घ्यावा.

जुनी पद्धत विस्पंदांची. दोन लेसरांचे किरण एकाच प्रकाशशोधकावर पाडले की त्यांच्या वारंवारतांतील फरक गणकावर वाचता येतो. दोन्ही लेसर आयोडिनच्या एकाच घटकावर, म्हणजे एकाच शोषणरेषेवर (‘डी’ ते ‘जी’ ही अशा शेजारच्या रेषांची नावे), स्थिर केले तर हा फरक शून्याजवळ येतो आणि कोणता लेसर पुढे आहे हेही कळत नाही. म्हणून एक ‘डी’वर, दुसरा ‘ई’वर, मग उलट, अशा ‘जी’पर्यंतच्या जोड्या मोजून तक्ता भरतात आणि त्यातून दोन लेसरांमधील सरासरी तफावत काढतात. पद्धत स्वस्त आणि देखणी आहे, पण तिची मर्यादा मूलभूत आहे: दोन्ही लेसरांच्या पेशींतील, म्हणजे काचेच्या बंद नळ्यांतील, आयोडिन सारखेच अशुद्ध असेल, तर दोन्ही लेसर एकाच दिशेने सरकतात आणि तक्ता मात्र निर्दोष दिसतो.

फ्रिक्वेन्सी कोंब अशी फसगत होऊ देत नाही, कारण तो लेसरची वारंवारता थेट आण्विक घड्याळाशी जोडतो. ‘एफ’ घटकाचे शिफारस केलेले मूल्य ४७३ ६१२ ३५३ ६०४ किलोहर्ट्झ असून त्याची प्रमाण अनिश्चितता शंभर अब्जांत २.१ भाग, म्हणजे सुमारे १० किलोहर्ट्झ आहे. एवढ्यासाठी उपग्रहाच्या संकेतावर शिस्तीत ठेवलेले रुबिडियम घड्याळही पुरते. पॅरिस आणि ब्राउनश्वाइग यांच्यातील सुमारे १,४०० किलोमीटरच्या प्रकाशीय तंतूंच्या जोडणीसारखी व्यवस्था प्रकाशीय घड्याळांच्या तुलनेसाठी लागते. लांबीच्या मापनासाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही.

मात्र कोंब हवा म्हणजे तो आपल्याच इमारतीत हवा, असे नाही. सीसीएल-के११ या आंतरराष्ट्रीय तुलनेत काही मोजक्या प्रयोगशाळा कोंबासह केंद्र म्हणून काम करतात आणि इतरांना आपला लेसर तेथे नेता येतो. ज्यांच्याकडे ६३३ नॅनोमीटरचे एक-दोनच लेसर आहेत, त्यांनी माझ्या मते हाच मार्ग धरावा. ५३२, ५४३ आणि ६१२ नॅनोमीटरचे लेसरही सांभाळायचे असतील आणि कोंब रोज हाताळणारा माणूस असेल, तरच खरेदी सार्थ ठरते. शंभर मिलिमीटरच्या गेज ब्लॉकमध्ये (लांबीचे प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या पोलादी ठोकळ्यात) वरील अनिश्चिततेचा वाटा दोन पिकोमीटर, तर पोलादाच्या तापमानातील एका अंशाच्या चुकीचा वाटा एक मायक्रोमीटरहून अधिक असतो. पैसा अपुरा असेल तर तो आधी तापमापनावर खर्च व्हावा.

नेण्याचा निर्णय झाला, की लेसर रोज ज्या स्थितीत चालतो त्याच स्थितीत मोजला जाईल, एवढे पाहावे. पेशीचे शीतटोक, म्हणजे आयोडिनचा दाब ठरवणारे तिचे थंड ठेवलेले टोक, १५.० अंश सेल्सिअसवर, ०.२ अंशाच्या आत राहायला हवे, कारण एका अंशाच्या फरकाने वारंवारता दहा किलोहर्ट्झहून अधिक सरकू शकते. काचेचे ते टोक खाचेत नीट टेकलेले नसेल, तर तापमापक १५.० दाखवतो आणि आयोडिन मात्र वेगळ्याच तापमानाला असते. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या दुसऱ्या लेसरशी विस्पंद मोजून ठेवावेत आणि परतल्यावर तोच आकडा पुन्हा मिळतो का, हे आधी तपासावे.