बंदुकीचा धक्का कमी करून देणारा कारागीर

शॉटगनचा धक्का 60 टक्क्यांनी कमी करून देतो असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला काम देण्याआधी बंदूक वजनकाट्यावर ठेवा. मला एका कारागिराने याच 60 टक्क्यांवर गंडवलं. पैसे गेले ते गेलेच, वर नळीला भोकं पडली, आणि ती आता बुजणार नाहीत.

माझी बंदूक म्हणजे बारा बोअरची हलकी दुनळी, वजन 3.2 किलो. पक्ष्यांच्या शिकारीला 32 ग्रॅम छऱ्यांचं काडतूस वापरतो. दिवसभर बंदूक चालवली की संध्याकाळी गाल सुजलेला असायचा. या कारागिराकडे तीन कामांचं पॅकेज होतं: दस्त्याच्या आत पाऱ्याची कांडी, नळीच्या तोंडाजवळ भोकं आणि मागे जाड जेल पॅड. दुखतं कुठे, हे त्याने एकदाही विचारलं नाही. पुढचं सगळं पाहता मला हीच फसवणुकीची पहिली खूण वाटते.

त्याचं प्रात्यक्षिक मात्र बघण्यासारखं होतं. कामाआधी त्याने मला माझीच काडतुसं मारायला लावली. कानाला काही नाही, उभं राहणंही माझ्या सवयीचं. काम झाल्यावर पुन्हा बोलावलं. या वेळी डावा पाय पुढे घ्यायला लावला, अंगाचा भार त्यावर टाकायला सांगितलं, दस्ता खांद्याच्या खळग्यात नीट बसवून दिला, कानांवर इअरमफ चढवले आणि स्वतःच्या खिशातली काडतुसं भरून दिली. धक्का खरोखरच निम्म्यावर आल्यासारखा वाटला. रिकामी काडतुसं तो लगबगीने उचलत होता, तरी एक बाकाखाली राहून गेलं. काडतुसाच्या अंगावर छऱ्यांचं वजन छापलेलं असतं. त्यावर 24 ग्रॅम होतं.

आता हिशेब बघा. छरे, वॉड (छरे आणि दारूच्या मधलं प्लास्टिकचं बूच) आणि दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो. यातून कोणत्याच कारागिराची सुटका नाही. 3.2 किलोच्या बंदुकीतून 32 ग्रॅमचा भार सेकंदाला साधारण 365 मीटर वेगाने सुटला, तर बंदूक जवळपास 30 ज्यूल ऊर्जा घेऊन मागे येते. त्याच वेगाने 24 ग्रॅम मारले तर आकडा 18 ज्यूलच्या आसपास उतरतो. म्हणजे जवळपास 40 टक्के धक्का काडतुसानेच कमी केला. उरलेलं काम उभं राहण्याच्या पद्धतीने आणि इअरमफने केलं. बारा बोअरचा आवाज 150 डेसिबलच्या पुढे जातो. कान झाकले की तोच धक्का सौम्य भासतो, हे कोणताही जुना नेमबाज सांगेल. गंमत अशी, की त्या दिवशी त्याने मला ज्या तीन गोष्टी खऱ्या दिल्या, त्यांचे त्याने पैसेच लावले नव्हते.

पाऱ्याच्या कांडीचं काय? अशी कांडी खरी असली तरी तिचा मोठा उपयोग वजन वाढवण्यापुरता. काडतूस तेच असेल, तर बंदुकीचं वजन जेवढ्या पटीने वाढेल, तेवढ्या पटीने मागे येणारी ऊर्जा घटते. नुसत्या वजनाने 60 टक्के कमी करायची तर 3.2 किलोची बंदूक 8 किलोची व्हायला हवी. ती खांद्यावर टाकून रानात कोण फिरणार! पॅडचे स्क्रू काढून कांडी बाहेर घेतली आणि काट्यावर ठेवली, तर भरली 200 ग्रॅमच्या आत. म्हणजे फायदा फार तर सहा टक्के. हलवल्यावर पारा डुचमळतो. ही खुळखुळत होती. आत शिशाचे छरे होते. (खऱ्या पाऱ्याचा संशय असेल तर कांडी कापून बघण्याच्या फंदात पडू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.)

भोकांचा राग अजून गेलेला नाही. रायफलमध्ये गोळी तोंडाशी पोचते तेव्हाही मागे वायूचा भरपूर दाब असतो, म्हणून तिथे मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणारी भोकं, काम करतो. शॉटगनमध्ये तोंडापाशी दाब फारच थोडा उरतो. भोकांनी नळीची उसळी जराशी दबते, खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात फरक जवळजवळ शून्य. आवाज मात्र वाढतो आणि शेजारी उभा असलेला माणूस वैतागतो. माझ्या नळीत तर भोकांच्या कडा आतून साफही केलेल्या नव्हत्या. वॉडचं प्लास्टिक तिथे खरवडून चिकटतं.

मूळ दुखणं भलतीकडेच होतं. दुसऱ्या एका कारागिराने मला बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि क्षणभर बघून तो म्हणाला, "दस्त्याची गालाची कड तुम्हाला खाली पडते. तुम्ही मान वर उचलता, मग दस्ता उसळून गालावर आदळतो." पहिल्या पठ्ठ्याने पॅड बसवताना दस्ता कापून आखूडही केला होता. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेकांना 14 ते साडेचौदा इंच लागते. माझी त्याहून बरीच कमी झाली होती, त्यामुळे अंगठा नाकावर येऊ लागला होता. जेल पॅडमधलं जेलही नावालाच, कडक रबर होतं. चांगलं मऊ पॅड धक्का थोडा लांबवतं, म्हणून तो कमी बोचतो. वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटो बंदुकीतही धक्का असाच काळात पसरतो. कडक रबर यातलं काहीच करत नाही.

जाब विचारायला गेलो तर पहिला म्हणतो, "धक्का किती वाटतो हे माणसागणिक वेगळं असतं, साहेब. तुमचा खांदा नाजूक आहे." बिलावर फक्त "दस्ता व नळीचं काम" एवढंच लिहिलेलं. 60 टक्के हा आकडा तोंडी होता, आणि तोंडीच राहिला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर चाचणी आपल्या अटींवर घ्या. काडतुसं आपली, आधी आणि नंतर एकाच डब्यातली. कान दोन्ही वेळा झाकलेले. उभं राहणं दोन्ही वेळा सारखं. बंदूक भरणारा तिसरा माणूस, आणि त्याने मधूनच एखादं नकली, न उडणारं काडतूस घालावं. चाप ओढताच आपण आधीच दचकतो का, तेही त्यात उघडं पडतं. कामाआधी आणि कामानंतर बंदुकीचं वजन बिलावर लिहून घ्या. आणि नळीला ड्रिल लावण्याची वेळ आली तर बंदूक उचलून घरी आणा.

माझ्या दस्त्यावर आता गालाची कड उंच करणारी पट्टी बसवली आहे, मागे लांबी भरून काढणारा लाकडी तुकडा आणि खरोखर मऊ पॅड आहे, आणि बहुतेक वेळा मी 28 ग्रॅमचीच काडतुसं वापरतो. गाल सुजत नाही. भोकांतलं प्लास्टिक मात्र दर वेळी ब्रशने खरवडावं लागतं.