वजाचे चिन्ह ऐकू येते का? दृष्टिहीन प्रोग्रॅमरच्या कानांनी तपासलेली फाइल-तुलनेची साधने

दोन फाइलींमधला फरक दाखवणारे कोणतेही साधन हाती आले, की मी त्याची पहिली परीक्षा एकाच प्रश्नाने घेतो: काढून टाकलेली ओळ आणि मुळीच न बदललेली ओळ कानाला वेगवेगळ्या ऐकू येतात का? डोळसांना हा प्रश्न विचित्र वाटेल, कारण त्यांच्या पडद्यावर काढलेली ओळ लाल आणि नव्याने घातलेली ओळ हिरवी दिसते, आणि बाकीचे काम रंगच करून टाकतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला रंगाचे नाव सांगायला लावता येते हे खरे. पण दर ओळीआधी रंग ऐकत कोड वाचणे फार काळ जमत नाही, आणि कित्येक एडिटर ती माहिती स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचूच देत नाहीत. मी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, लिनक्सवर ईमॅकस्पीक हे बोलणारे साधन वापरतो, आणि ऑफिसात पडद्यावरची ओळ ब्रेल ठिपक्यांत बोटांना देणारा चाळीस घरांचा (अक्षरांच्या जागांचा) ब्रेल डिस्प्ले मिळतो तेव्हा तोही वापरतो. पुढील मते या तिन्हींच्या वापरातून बनलेली आहेत.

आधी एक सापळा सांगतो, कारण तो माहीत नसेल तर कोणतेही साधन घेतले तरी फसगत ठरलेली आहे. युनिक्सच्या डिफ या जुन्या आज्ञेचे हल्ली प्रचलित असलेले रूप, म्हणजे युनिफाइड स्वरूप, कागदावर आपल्यासाठीच घडवल्यासारखे वाटते: प्रत्येक ओळीच्या आरंभी एक चिन्ह असते, अधिक म्हणजे घातलेली, वजा म्हणजे काढलेली, आणि रिकामी जागा म्हणजे जशीच्या तशी. परंतु एनव्हीडीएमध्ये विरामचिन्हे उच्चारण्याची पातळी मुळात ‘काही’ एवढीच ठेवलेली असते, आणि त्या पातळीवर अधिकचे चिन्ह उच्चारले जाते, वजाचे मात्र गाळले जाते. परिणामी घातलेली ओळ ओळखू येते, पण काढलेली ओळ अगदी न बदललेल्या ओळीसारखी ऐकू येते. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याचा बदल तपासताना मी याच कारणाने फसलो. शून्याने भागाकार होऊ नये म्हणून लिहिलेली अट त्याने काढून टाकली होती. मी ती ओळ स्वतःच्या कानांनी ‘ऐकली’, ती जागेवर आहे असे समजलो आणि बदलाला मान्यता दिली. चूक माझीही होती, पण मला तेव्हा कोणी हे सांगितलेले नव्हते.

उपाय तीन आहेत. एनव्हीडीएची कळ आणि पी एकत्र दाबून पातळी ‘सर्व’ वर नेता येते. मात्र ती तशीच राहिली तर ईमेल वाचतानाही प्रत्येक स्वल्पविराम कानावर आदळतो, म्हणून मी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि एडिटर यांच्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल करून ठेवले आहे, जे त्या त्या खिडकीत आपोआप लागू होते. दुसरा उपाय अधिक नेमका: चिन्हांच्या उच्चाराच्या संवादपेटीत जाऊन एकट्या वजाची पातळी बदलणे. तिसरा उपाय फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातच आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. गिट डिफला ‘आउटपुट-इंडिकेटर-ओल्ड’ हा पर्याय दिला, की वजाऐवजी आपल्या आवडीचे कोणतेही एक अक्षर छापता येते, आणि अक्षर तर प्रत्येक पातळीवर उच्चारले जातेच. अशी फाइल पॅच म्हणून, म्हणजे मूळ फाइलीवर ते बदल आपोआप चढवण्यासाठी, लावता येत नाही, पण केवळ वाचायची असेल तर चालते.

आता मुख्य साधनाकडे वळतो. आज विंडोजवर नव्याने कामाला लागणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याने विचारले, तर मी निःशंकपणे व्हीएस कोड या एडिटरचे नाव घेतो, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे त्यातील सुगम्य डिफ दर्शक. दोन फाइली शेजारीशेजारी उघडल्यावर एफ७ दाबले, की दोन खणांचे चित्र बाजूला पडते आणि फरकांची एकच सलग यादी समोर येते. पुन्हा एफ७ दाबल्यास पुढचा फरक, शिफ्टसह दाबल्यास मागचा. प्रत्येक फरकाच्या आरंभी तो एकूण कितींपैकी कितवा आहे हे सांगितले जाते, आणि बाणांच्या कळांनी ओळीओळीने जाताना मजकुरापाठोपाठ ती ओळ मूळ फाइलीतील की बदललेल्या फाइलीतील, आणि कितव्या क्रमांकाची, हेही ऐकू येते. वर सांगितलेला सापळा इथे निष्प्रभ होतो, कारण वजाचे चिन्ह गाळले गेले तरी ‘मूळ ओळ’ हे शब्द उरतातच. एंटर दाबल्यास आपण बदललेल्या फाइलीत त्याच ओळीवर पोहोचतो आणि तिथेच दुरुस्ती करू शकतो. वाचणे आणि दुरुस्त करणे यांच्यातील ही ये-जा इतकी सहज असावी, असे मला याआधी कोणत्याही चित्रमय साधनात आढळले नव्हते.

याच एडिटरात ओळीवर कर्सर येताच वाजणारे छोटे ध्वनी आहेत: घातलेल्या, काढलेल्या आणि बदललेल्या ओळींसाठी वेगवेगळे. मला ते प्रारंभी उगाच वाटले होते; आठवडाभरात मत बदलले, कारण ध्वनीला बोलण्याइतका वेळ लागत नाही. ऑल्ट आणि एफ१ दाबल्यास त्या त्या खिडकीपुरती मदत मिळते, आणि ऑल्ट आणि एफ२ दाबल्यास लांबलचक सूचना साध्या मजकुराच्या रूपात वाचता येते. उणिवाही आहेत. एडिटर स्क्रीन रीडरला संपूर्ण फाइल एकदम देत नाही, तर पानापानांनी देतो, आणि त्या पानाची लांबी मुळात ५०० ओळींची असते. त्यामुळे ‘सर्व वाच’ म्हटल्यावर मोठ्या फाइलीत वाचन मध्येच थांबते. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते, पण वाढवली की एडिटर मंदावतो. जुन्या संगणकावर तर तो मुळातच जड वाटतो, आणि नव्या आवृत्त्यांत एखादी तरी कळ नव्याने शिकावी लागते.

याच्या उलट टोकाला नोटपॅड प्लस प्लस आहे. २००३ पासून चालत आलेला हा हलका एडिटर क्षणात उघडतो, आणि त्याच्या मुळाशी असलेला सिंटिला हा घटक एनव्हीडीएला चांगला ओळखता येतो. लिहिण्यासाठी तो उत्तम आहे. तुलनेसाठी मात्र त्याचे जोड-साधन रंग आणि समासातील चित्रांवर उभे आहे, तेव्हा त्याचा विचार इथेच थांबवावा. विनमर्ज या तुलनेच्या साधनाबद्दल माझे मत इतके कठोर नाही. फाइलींच्या तुलनेत तेही दोन खण आणि रंग यांवरच भिस्त ठेवते, पण दोन संपूर्ण फोल्डरांची तुलना केली तर निकाल एका यादीत, शब्दांत लिहून येतो: या दोन फाइली सारख्या, या दोन वेगळ्या, ही केवळ डावीकडे. पन्नासेक फाइलींच्या प्रकल्पात कोणत्या फाइलींना हात लागला आहे हे पाहण्यासाठी मी अजूनही तेच उघडतो, आणि आतला तपशील हवा असेल तर त्यातूनच पॅच फाइल तयार करून ती एडिटरात वाचतो.

ज्यांना टर्मिनलची भीती नाही त्यांच्यासाठी गिट हेच सर्वांत प्रामाणिक साधन आहे. फाइली गिटच्या भांडारात नसल्या तरी ‘नो-इंडेक्स’ हा पर्याय देऊन कोणत्याही दोन फाइलींची तुलना करता येते. ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय तर मी रोज वापरतो: दोनशे अक्षरांच्या ओळीत एकच शब्द बदललेला असताना दोन जवळजवळ सारख्या ओळी पाठोपाठ ऐकून फरक शोधणे हे कानाला शिक्षा केल्यासारखे आहे, या पर्यायाने ओळ एकदाच येते आणि काढलेला शब्द चौकोनी, तर घातलेला शब्द महिरपी कंसात मिळतो. निकाल टर्मिनलमध्ये ऐकण्यापेक्षा फाइलीत उतरवून एडिटरात उघडावा, तिथे मागेपुढे फिरणे सोपे जाते. पायथनचा कोड असेल तर रिकाम्या जागांकडे दुर्लक्ष करणारा पर्याय चुकूनही वापरू नये, कारण तिथे ओळीच्या आरंभी समास म्हणून सोडलेल्या चार रिकाम्या जागा म्हणजेच अर्थ असतो. त्याऐवजी एनव्हीडीएमध्ये समास बोलून किंवा स्वरांच्या चढउताराने सांगण्याची सोय चालू ठेवावी. ब्रेल डिस्प्लेवर हा प्रश्नच उरत नाही, बोट पहिल्या घरावर ठेवले की चिन्ह आणि समास दोन्ही हाताला लागतात. पण ते यंत्र स्वतःच्या खर्चाने घेणे आपल्याकडे फार थोड्यांना परवडते.

ईमॅकस्पीकचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि तो केवळ अभिमानापोटी करत नाही. त्याचे कर्ते टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा; काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेल्यावर ते वाडिया महाविद्यालयात गणित शिकले, पुढे मुंबईच्या आयआयटीत आणि नंतर कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले ईमॅकस्पीक हा पडद्यावरची अक्षरे वाचणारा कार्यक्रम नव्हे. ते ईमॅक्स या एडिटरच्या आत बसते आणि कोणत्या मजकुराचा अर्थ काय आहे हे ईमॅक्सकडूनच जाणून घेते. त्यामुळे टिप्पणी एका आवाजात, राखीव शब्द दुसऱ्या आवाजात, असा कोड ऐकू येतो. डोळसांचा रंग इथे खरोखर आवाज होतो. ईमॅक्समधील ईडिफ हे तुलनेचे साधनही त्यात बोलते. पण शिकायला महिने लागतात, आणि ऑफिसने विंडोजचाच लॅपटॉप हाती दिला असेल तर त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

शेवटी मराठी मजकुराची एक अडचण, जिच्यात डोळस आणि दृष्टिहीन एकाच पंगतीला बसतात. एका ॲपच्या मराठी भाषांतराच्या दोन फाइली मी ताडून पाहत होतो. साधन ‘दुसऱ्या’ हा शब्द असलेल्या ओळी वेगळ्या असल्याचे सांगत होते, मला त्या तंतोतंत सारख्या ऐकू येत होत्या, आणि शेजारच्या सहकाऱ्याला त्या सारख्याच दिसत होत्या. कारण असे, की आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे २००डी क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह घेऊन, शिवाय तो ऱ स्वतः साध्या र ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) लावूनही लिहिलेला असू शकतो. नुक्त्याचा भेद युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या क्रियेने, मिटतो, जोडचिन्हाचा मिटत नाही. अशा वेळी मी पायथनच्या ‘ॲस्की’ या फंक्शनातून ती ओळ काढतो, म्हणजे प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापून येतो आणि स्क्रीन रीडर तो आकडा आकडा वाचतो. मराठी नावांच्या फाइली असतील तर गिटमधील ‘कोअर-कोटपाथ’ हे सेटिंगही बंद करावे, नाहीतर फाइलीच्या नावाऐवजी ‘बॅकस्लॅश तीन चार शून्य, बॅकस्लॅश दोन चार चार’ अशी न संपणारी माळ ऐकत बसावे लागते.