स्काउटांनी दत्तक घेतलेलं स्टेशन: मे महिन्यात जाऊन बघा

पुणे–मिरज मार्गावर सातारा, कराड, सांगली, मिरज ही मोठी नावं सोडली की मधली बरीच स्टेशनं दिवसाकाठी मोजक्या गाड्यांची. फलाट लांबलचक, माणसं थोडी, झाडूवाला असलाच तर एखादा. अशाच एका स्टेशनची देखभाल जवळच्या शाळेचं स्काउट-गाइड पथक करतं. शाळेचं आणि स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही. पोरं हे काम फुकट करतात, आणि गुणदोष नावाशिवायही कळतात. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पानाच्या पिंकांच्या कामाला, आणि जे दीड गेले ते कशाने गेले ते झाडांपाशी येईलच.

दर रविवारी सकाळी दोन तास, दोन संघ, म्हणजे चौदा-पंधरा मुलंमुली. एक संघ फलाटावर, दुसरा झाडांवर. एकजण काहीच करत नाही, फक्त शिट्टी घेऊन उभा. बघणाऱ्याला तो कामचुकार वाटतो, पण सगळ्यात महत्त्वाचं काम त्याचंच. कारण इथे बऱ्याच गाड्या थ्रू, म्हणजे न थांबता, जातात, आणि थ्रू जाणारी एक्सप्रेस फलाटावरचं रिकामं पोतं सहज उडवून रुळावर नेते. ते पकडायला पोरगं धावलं, की झालं. शिट्टी वाजली की झाडू आडवे ठेवायचे, पोत्यावर पाय ठेवायचा, पिवळ्या रेषेच्या मागे भिंतीकडे सरकायचं. हे ते चोख करतात. रुळावर पडलेला कचरा उचलायला कोणी उतरत नाही, हेही बरोबर. ते काम रेल्वेच्या माणसांचं.

सुरक्षेत दोन गोष्टी मात्र सुटल्या आहेत. स्काउटचा शर्ट करड्या रंगाचा. सकाळच्या धुक्यात तो फलाटाच्या काँक्रीटमध्ये मिसळून जातो, ड्रायव्हरला दिसत नाही. वरून चमकदार जॅकेट हवंच. दुसरी गोष्ट शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. झेंड्यांचे संकेत हा स्काउटांच्या अभ्यासाचा भाग, म्हणून फावल्या वेळात सराव तिथेच चालतो. रेल्वेत लाल झेंडी म्हणजे गाडी थांबवा, आणि झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरणं म्हणजेही तेच. त्यामुळे झेंड्यांचा सराव आणि हात वर करायची कवायत दोन्ही शाळेच्या मैदानावरच व्हायला हवीत. लाल फडकं झटकणंसुद्धा नको. रुळांवरच्या विजेच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. लांब बांबूला झाडू बांधून छताची जळमटं काढणं किंवा पाइपाने वरपर्यंत पाणी मारणं, दोन्ही बंद.

आता पिंका. तिकीट खिडकीखालचा कोपरा हे या पथकाचं खरं प्रगतिपुस्तक. बहुतेक ठिकाणी असा डाग दिसला की संडासाचं ॲसिड ओततात. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, वरचा गुळगुळीत थर जातो, फरशी खरखरीत होते आणि पुढची पिंक आणखी खोल मुरते. महिन्याभरात डाग पहिल्यापेक्षा गडद. आणि त्याच ॲसिडात कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद प्रतीक्षालयात तो जिवावर बेततो. इथल्या गाइड मुलींनी सरळ रस्ता धरलाय. आधी डाग पाण्याने भिजवायचा, धुण्याच्या पावडरीचं दाट पाणी दहा मिनिटं ठेवायचं, मग काथ्याच्या ब्रशने घासायचं. ताजी पिंक निघते, जुन्याचा तांबूसपणा राहतो. तो राहू द्यावा. रेल्वेच्या 2012 च्या नियमांनुसार स्टेशनात घाण करणाऱ्याला 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो करायचा अधिकार रेल्वेच्या माणसांना. गळ्यात स्कार्फ असला तरी पोरांनी थुंकणाऱ्याशी वाद घालू नये, आणि ते घालतही नाहीत.

कचरा वेगळा करण्याचं काम ठीक. बाटल्या भंगारवाला नेतो. गुटख्याच्या पुड्या कोणी घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना चिकटलेले असतात. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, हे पोतं बघून खरं वाटणार नाही.

झाडांवर मात्र सविस्तर बोललं पाहिजे. फलाटाच्या मागे चाळीस रोपं एका ओळीत लावली आहेत. खड्डे वीतभर. फलाटाच्या कडेला माती नसते, मुरूम आणि खडीचा भराव असतो. पाणी ओतलं की सरळ खाली जातं. तिथे दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून सगळा भराव फेकावा लागतो, आणि दोन पाट्या माती एक पाटी कुजलेलं शेणखत या मापाने भरावा लागतो. एका खड्ड्याला दोन मोठ्या मुलांची तासाभराची मेहनत. चाळीस झाडांचा फोटो हवा असला की हे होत नाही.

टोकाच्या जास्वंदीपाशी थांबून बघा. खुंटाला बांधायची क्लोव्ह हिच ही स्काउटांची गाठ थेट खोडाला मारली आहे, तीही निळ्या नायलॉनच्या दोरीने. ही गाठ ओढ पडली की आवळत जाते. खोड दोरीच्या वर फुगलंय, खाली बारीकच राहिलंय, आणि दोरी सालीत रुतली आहे. गाठ खुंटाला मारायची; खोडाभोवती जुन्या सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात सैल फिरवायची, बोट आत जाईल इतकी. गाठ शिकवली, पण ती कशावर मारायची ते राहिलं.

जास्वंद शेळ्यांना आवडते, म्हणून मग कोणीतरी कण्हेर सुचवतं. शेळी तिला तोंड लावत नाही हे खरं, पण सगळं झाड विषारी. लहान मुलं बसतात तिथे नको, आणि छाटलेल्या फांद्या जाळायच्या तर मुळीच नाहीत. तगर, बोगनवेल, कोरफड चालतील. गुलमोहर नको, त्याच्या फांद्या वाऱ्याने मोडतात.

पाण्याचं गणित कागदावर मांडलेलंच दिसत नाही. एका रोपाला पाच लिटर धरले तर चाळीसला 200 लिटर, म्हणजे दहा लिटरच्या वीस बादल्या. नळ इमारतीपाशी, शेवटचं झाड फलाटाच्या टोकाला. बारा वर्षांचं मूल अर्धी बादलीच नेणार, म्हणजे चाळीस खेपा. साहजिकच जवळची झाडं हिरवी आणि लांबची नुसते दांडे. ढकलगाड्यावर पिंप ठेवलं तर प्रश्न सुटतो, फक्त गाडा रुळांना समांतर उभा करायचा आणि चाकाला दगड लावायचा, नाहीतर तो फलाटाच्या कडेकडे निघतो.

ओल टिकवायला उसाचं पाचट आपल्याकडे हवं तेवढं मिळतं. बुंध्यापासून वीतभर मोकळी जागा सोडून चार बोटं जाड थर पुरे. पण बाकांजवळ पाचट घालू नका. एक जळती बिडी, आणि सगळी ओळ गेली. तिथे बारीक खडी पसरावी.

परवानगीचं थोडक्यात: शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, स्टेशन मास्तरांमार्फत पुणे विभागाकडे. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि जबाबदार शिक्षकांचं नाव. तोंडी परवानगीवर काम सुरू करू नये; मास्तरांची बदली झाली की तीही जाते. संडास धुणं आणि चुना भिजवणं मुलांकडे देऊ नये. कळीचा चुना पाण्यात उकळतो, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

उरला उन्हाळा. एप्रिलमध्ये परीक्षा, मग सुट्टी, शाळा उघडणार जूनच्या मध्यावर. ज्या दोन महिन्यांत झाडाला पाणी हवं तेव्हाच पथक नसतं. पॉइंट्समनच्या, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या माणसाच्या, भरवशावर सोडणं चूक, त्याला त्याची ड्युटी आहे. पाळ्या वर्गावार न लावता वस्तीवार लावल्या, म्हणजे स्टेशनालगतच्या घरांतल्या मुलांना प्रत्येकी दोन झाडं दिली, तर सुट्टीतही पाणी पडतं. अशी सहा मुलं धरली तर या हिशेबाने इथे बारा झाडांपेक्षा जास्त लावू नयेत. पाण्याची वही तिकीट खिडकीशेजारी सुतळीने टांगलेली आहे. जूनपासून मार्चपर्यंत दर रविवारी सही, अक्षरही सुरेख. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची पानं कोरी.