एक पुडी फुटली, तिन्ही गेल्या

सांगलीच्या वखारभागातून मी राजापुरी हळद एका ऑनलाइन पोर्टलवर विकते, त्या पोर्टलबद्दलच हा अनुभव. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद, लांबून ऑर्डरी येतात. या पोर्टलवर विक्रीचे पैसे वेळेवर जमा होतात. परताव्याचं मात्र फार अवघड आहे.

गेल्या महिन्यात तीन पुड्यांपैकी एक वाटेत फुटली. गिऱ्हाईक ताई म्हणाल्या, “बाकीच्या दोन ठेवते, एकीचेच पैसे द्या.” १४० रुपये द्यायला मी लगेच तयार होते. पण अंशतः परताव्याची सोयच नाही! अख्खं पार्सल परत आलं, येण्याजाण्याचं भाडं माझ्या खात्यातून कापलं. खाण्याची वस्तू, परत आलेली पुडी दुसऱ्या घरात कशी पाठवू? चांगल्या पुड्याही गेल्या. पॅकिंगचा व्हिडिओ होता म्हणून क्लेम केला. अकरा दिवसांनी भाडं तेवढं मिळालं, मालाचं काही नाही. दोन तारे.