मराठी ई-पेपरची वर्गणी, वर्षभर वापरून झाल्यावर (इंदूर)

सवलतीचं वर्ष संपलं आणि यंदा खात्यातून पूर्ण दर कापला गेला. न विचारता कापला असं म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेचे, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे, पैसे जायच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते, आणि ती येते. पण ती बँकेकडून येते, त्यात पेपरऐवजी कंपनीचं नाव असतं, म्हणून ती नजरेतून निसटते.

वर्गणी भरताना यूपीआयच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात. एक आज जाणारी रक्कम, दुसरी ‘इतक्या रुपयांपर्यंत’ची कमाल मर्यादा. ही मर्यादा सवलतीच्या दराहून बरीच मोठी असू शकते, आणि पुढच्या वर्षीचा दर तिच्यातच बसवलेला असतो. पिन टाकण्याआधी दुसरा आकडा वाचा. ॲप काढून टाकल्याने ऑटोपे थांबत नाही. यूपीआयने भरले असतील तर यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे उघडून रद्द करायचं. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शन्समध्ये. वर्गणीची उरलेली मुदत सहसा तशीच चालू राहते.

आता खरी तक्रार. महाराष्ट्रातला छापील अंक इंदुरात हाती पडेपर्यंत शिळा झालेला असतो, म्हणून इथला मराठी वाचक ई-पेपर घेतो. रामबागेतल्या कितीतरी घरांची सोयरीक खानदेशात, त्यांना जळगावची पानं हवीत. ॲप मात्र रोज मुंबई उघडतं. आवृत्ती, मग विभाग, मग जळगाव, मग तारीख: रोज सकाळी हेच. ‘माझी आवृत्ती’ सेटिंगमध्ये आहे, पण लॉगिन सुटलं की पुसली जाते, आणि ॲप अपडेट झालं की लॉगिन सुटतंच. पैसे कधी घ्यायचे हे वर्षभर बरोबर लक्षात ठेवणाऱ्यांना वाचकाचा जिल्हा लक्षात ठेवता येऊ नये, याचा राग येतो.

यावर उपाय आहे. क्रोममध्ये लॉगिन करून आपली आवृत्ती उघडा, तीन ठिपके दाबून ‘होम स्क्रीनवर जोडा’. पानाच्या वेब पत्त्यात तारीख असेल तर रोज तोच जुना अंक उघडेल. तारखेचा भाग खोडून पान उघडतंय का पाहा आणि मगच जोडा. फेसबुकवरून आलेली बातमी फेसबुकच्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथे आपलं लॉगिन नसतं, म्हणून पैसे भरूनही ‘वर्गणीदार व्हा’ची पाटी येते. ती बातमी क्रोममध्ये उघडायची.

सुरुवातीला वेबसाइटची वर्गणी पुरे, ई-पेपर कशाला, असं मत होतं. मोबाइलवर पान ताणून वाचताना डोळे दुखतात, ते आजही. पण तालुक्याच्या बातम्या, निधनवार्ता, दहाव्या-तेराव्याच्या जाहिराती वेबसाइटवर सहसा येत नाहीत, त्या छापील पानात असतात, आणि ई-पेपर म्हणजे तीच पानं. दहा इंची टॅब आडवा धरला की अर्धं पान नीट वाचता येतं. पान चित्ररूप असल्याने नाव टाकून शोधता येत नाही, निधनवार्तांचा रकाना नजरेखालूनच घालावा लागतो. काही ठिकाणी वेबसाइट आणि ई-पेपरची वर्गणी वेगवेगळी असते, घेताना तेवढं बघा.

छापील अंकाला जीएसटी नाही, डिजिटल वर्गणीला 18 टक्के. दराची तुलना करताना तो धरा. बातमीला पैसे मोजायला हरकत नाही, वार्ताहराचा पगार त्यातूनच निघतो. ऑटोपे मात्र रद्द केलं आहे. पुढची वर्गणी हाताने भरायची, तीही ॲप जळगाव लक्षात ठेवू लागलं तरच.