एकच दिवस असेल तर वॉशिंग्टन क्रॉसिंग की प्रिन्स्टन?

आईबाबा आलेत, हातात एकच दिवस आहे आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं काहीतरी दाखवायचंय, तर कुठे न्यायचं हा प्रश्न न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना पडतोच. दोन्ही जागा जॉर्ज वॉशिंग्टनच्या इंग्रजांविरुद्धच्या एकाच हिवाळी मोहिमेतल्या, दोन्ही घटनांमध्ये जेमतेम नऊ दिवस.

क्रॉसिंगला बघायला तसं कमी आहे. डेलावेअर नदी, जुनी घरं, पेनसिल्व्हेनियाच्या काठाला डरहॅम होड्यांच्या प्रतिकृती. पण त्या होडीजवळ पाच मिनिटं थांबा. लोखंड वाहायची होडी ती, त्यात माणसं उभ्यानं भरली, २५ डिसेंबर १७७६ची रात्र, पाण्यात बर्फाचे तुकडे वाहतायत आणि अशात साधारण २,४०० सैनिक, घोडे, १८ तोफा पलीकडे न्यायच्या. मध्यरात्रीपर्यंत उरकायचं होतं, पहाटेचे तीन वाजले. नदीच्या खालच्या बाजूने आणखी दोन तुकड्या येणार होत्या, त्यांना जमलंच नाही. तरी वॉशिंग्टन मागे फिरले नाहीत, कारण ३१ तारखेला बऱ्याच जणांची भरतीची मुदत संपत होती, मग लढायला राहणार कोण? सकाळी न्यू जर्सीच्या बाजूच्या ट्रेंटनमध्ये इंग्रजांचे सुमारे ९०० जर्मन भाडोत्री सैनिक कैद झाले. ती रणभूमी मात्र आता शहराच्या रस्त्यांखाली गेलीय.

प्रिन्स्टनचं मैदान अजून मोकळं आहे, लढाई कुठून कुठे सरकली ते बोट दाखवून सांगता येतं. २ जानेवारीला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस ट्रेंटनला समोर येऊन ठाकला, उरलेलं सकाळी बघू म्हणून थांबला, तर इकडे शेकोट्या पेटत्या ठेवून, तोफांच्या चाकांना चिंध्या गुंडाळून वॉशिंग्टनचं सैन्य रातोरात निसटलं आणि ३ तारखेला थेट प्रिन्स्टनला जाऊन भिडलं. गनिमी कावा ऐकत वाढलेल्या बाबांना हे समजावून सांगावं लागत नाही. हाच कॉर्नवॉलिस १७९२ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठ्यांचे सरदार हरिपंत फडक्यांच्या सोबत होता, हेही सांगा, ते खूश होतील. संगिनींनी घायाळ झालेले वॉशिंग्टनचे जनरल मर्सर ज्या क्लार्क हाऊसमध्ये वारले ते घर अजून उभं आहे, आणि गावात विद्यापीठाच्या जुन्या नासाऊ हॉल इमारतीच्या भिंतीवर तोफगोळ्याची खूण.

माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात प्रिन्स्टन, मुलं सोबत असतील तरी प्रिन्स्टनच. पण डिसेंबर-जानेवारी असेल तर क्रॉसिंग. उन्हाळ्यात ती नदी पिकनिकची वाटते हो. थंडीत काठावरचा वारा लागला की हातमोजे काढवत नाहीत, आणि त्या माणसांतल्या कित्येकांच्या पायात धड जोडे नव्हते, ट्रेंटनच्या वाटेवर दोघं गारठून मेले. दोन काठांमधला पूल फार अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर सावकाश घ्या.